फुलीचा माल

फोडायचं काम आजपासून बंद, असं मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा थोरलीच्या मांडीवर एक ताटली होती आणि हातात हातोडी. हात तसाच वर धरून तिनं विचारलं, "मग हिचं काय करू?"

बाया हसल्या. मुकादम हसला नाही. "बंद म्हणजे बंद. ठेव बाजूला."

तिनं ठेवली. भट्टीतून आलेली खोडीची ताटली न फोडता बाजूला ठेवायची, ही बावीस वर्षांतली तिची पहिलीच वेळ.

कारखाना चिनी मातीच्या भांड्यांचा. ताटल्या, वाट्या, वाडगे, कप. भट्टी निवली की माल निवडीच्या पडवीत यायचा. कुठं काळा ठिपका, कुठं कडेला फुगवटा, कुठं चार फुलांऐवजी तीनच उमटलेली, कुठं बूड जरासं बसलेलं. असं काही दिसलं की तो नग फोडायचा. फोडणीला टाकला, असं बाया गमतीनं म्हणायच्या. त्या आठ-दहा बायांत थोरली सगळ्यांत जुनी. ती डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघायची. वाडगा डाव्या तळव्यावर उपडा धरायचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं बुडावर टकटक करायचं. नग सलग असेल तर आवाज लांबवर जायचा. आत तडा असेल, मग तो केसाहून बारीक का असेना, तर आवाज जागच्या जागी मरायचा. भट्टीवाल्यांना शंका आली की तेही नग तिच्याकडे धाडायचे.

फुटक्या मालाचा ढीग मागच्या भिंतीपलीकडे साठत साठत ओढ्यापर्यंत गेला होता. गुरांचे खूर कापायचे, माणसांच्या तळव्यात कपच्या शिरायच्या. या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडचे लोक फाटकावर आले, चांगलं तासभर भांडले. मालक माणूस वाईट नव्हता. त्यानं ढीग स्वतः फिरून पाहिला आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "माती आणायची, मळायची, दोनदा भाजायची, एवढं जळण जाळायचं आणि एका ठिपक्यापायी फोडून टाकायचं? आपणच आपली अक्कल ओढ्यात टाकतोय. फाटकाजवळ दुकान काढू. थोडा उणा माल असेल तो निम्म्याहून कमी दरात देऊ. लोकांच्या घरात तरी जाईल."

बोलणं खरं होतं. थोरलीलाही पटलं. तिनं एवढ्या वर्षांत जेवढं फोडलं तेवढ्यात एक अख्खा गाव रोज जेवला असता.

तिला नवं काम मिळालं. उण्या मालाचे दोन भाग करायचे. दिसायला उणा पण वापराला धड, तो दुकानात. आतून तडकलेला, तो मागे. तडकलेल्या नगाच्या बुडाला लाल मेणखडूनं फुली मारायची, म्हणजे आठवड्याला एक गडी येऊन तेवढेच फोडून जाईल. आणि दुकानात विकायला बसवलं तिच्या सुनेला. सासू-सून एकाच कारखान्यात, म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे, जावा-जावा असल्यासारखं.

धाकटीला हे काम देवानं दिल्यासारखं होतं. तिचा नवरा नऊ वर्षं झिलईची पावडर दळायच्या गिरणीवर होता. भांड्यावर काचेसारखी चकाकी येते ती त्या पावडरीची. ती त्याच्या छातीत जाऊन बसली. आता तो दारात उशी मांडीवर घेऊन, पुढं वाकून बसायचा. त्या बैठकीत श्वास जरा बरा लागायचा. राहायची खोली कारखान्याची. घरातलं कुणी ना कुणी हजेरीच्या वहीत असेल तोवर खोली, हा नियम. नवऱ्याचं नाव वहीतून गेलं होतं. फोडायचं काम बंद म्हटल्यावर थोरलीचंही गेलं असतं. त्याऐवजी दोघींची लागली.

"बघ," नवरा हसत म्हणाला. "मी पडलो तर घरातल्या दोघी वहीत लागल्या. आधीच पडायला हवं होतं." हसण्यानं खोकला आला आणि खोकल्यानं हसू गेलं.

*

दुकान म्हणजे फाटकाशेजारची जुनी पहारेकऱ्याची खोली. चार फळ्या, एक टेबल, बाहेर पाटी. पहिल्या दिवशी चार माणसं आली. चौथ्या दिवशी रांग लागली. वाऱ्याचे दिवस होते, पांढरी धूळ डोळ्यांत जायची, तरी बाया उन्हात उभ्या राहायच्या. ज्यांनी जन्मभर पत्र्याच्या थाळीत खाल्लं त्या पांढरीशुभ्र ताटली दोन्ही हातांत धरून स्वतःचं तोंड बघायच्या.

"हिचं फूल कुठं गेलं गं चौथं?"

"तोडून नेलं कुणीतरी," धाकटी म्हणायची. "म्हणून तर स्वस्त."

एक म्हातारा वाकडी ताटली घेऊन गेला. जाताना म्हणाला, "मीच कुठं सरळ आहे? जमेल आमचं." सगळी रांग हसली. धाकटीला वाटलं, आजवर आपण रोजंदारीला जात होतो, आज पहिल्यांदा काम करतोय. संध्याकाळी घरी येऊन ती नवऱ्याला एकेका गिऱ्हाइकाची नक्कल करून दाखवायची. थोरली भाकऱ्या भाजता भाजता ऐकायची आणि मधेच म्हणायची, "बूड बसलेला माल तळाशी ठेवू नकोस. भार सोसत नाही त्याला."

महिन्याभरात फळ्या रिकाम्या पडायला लागल्या. धड उणा माल येई तेवढा जाई. मागच्या पडवीत मात्र फोडणारा गडी पुरा पडेना, फुलीच्या मालाच्या चळती वाढत होत्या. यंदा मातीच हलकी आली होती म्हणे, तडे जास्त जात होते. मालकानं एकदा दुकानात डोकावून रिकामी फळी पाहिली आणि मुकादमाला विचारलं, "माल नाही? की आणायचा कंटाळा?" चार माणसांत विचारलं. मुकादमाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो हातगाडीवर वाडग्यांच्या दोन चळती घेऊन आला. मोठे, खोल वाडगे. सोबत रॉकेलचा डबा आणि चिंधी.

"हे पुसून घे आणि मांड."

धाकटीनं एक वाडगा उपडा केला. बुडाला लाल फुली. "मुकादम, हा तडकलेला माल आहे."

"कुठं तडकलाय? दाखव."

तिनं वाडगा उजेडात फिरवला. आत बघितलं, बाहेर बघितलं. काही दिसेना.

"दिसत नाही ना? न दिसणारा तडा तुझ्या सासूला ऐकू येतो. म्हातारी झाली ती. उद्या तिला भुतंही ऐकू येतील."

"आईंचा कान चुकत नाही."

मुकादम टेबलाला टेकला. आवाज चढवला नाही. "तुमची खोली पाण्याच्या नळाजवळची आहे ना? तिघांनी मागितलीय माझ्याकडे. मी सांगतोय त्यांना, अजून दोघी कामावर आहेत, थांबा. मी तुमचं बघतो, तू माझं बघ. एवढंच."

तो गेला. धाकटीनं चिंधी रॉकेलात बुडवली. चकाकीवरची फुली एका हातात जायची. पण वाडगा ज्या कड्यावर बसतो त्या कड्याला झिलई नसते. तिथं लाल रंग मुरायचा, कितीही घासला तरी फिकट गुलाबी राहायचा. ती घासत राहिली. दोन चळती संपेपर्यंत बोटांची सालं निघायला आली.

त्या संध्याकाळी थोरली तिच्याशेजारी भांडी घासायला बसली आणि नाक ओढून म्हणाली, "रॉकेलचा वास कसला गं तुझ्या हाताला?"

"दुकानाची कडी गंजलीय. तिला लावलं."

थोरलीनं तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडेला लाल राहिलं होतं. तिनं एक भांडं विसळलं, दुसरं विसळलं. "लिंबाची साल चोळ. जाईल," म्हणाली.

*

शिंप्याची बायको दुसऱ्या दिवशी दुपारी आली. बसस्टँडमागं शिंप्याचं दुकान आणि मागं घर. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. हाताला कापड कापायच्या कात्रीचे घट्टे. तिनं सगळे वाडगे काढायला लावले, सगळे परत ठेवायला लावले आणि एक निवडला.

"यात खोड काय आहे? मला तर दिसत नाही. खोड नाही तर स्वस्त का? मला खोड दाखव, मग घेते."

रांगेतल्या बाया हसल्या. धाकटीही हसली. "झिलई जरा पातळ बसलीय."

"गरम चालेल ना? माझ्याकडे दूध असतं रोज. उकळतं ओतलं तर?"

धाकटीचा हात वाडग्यावर होता. तिला कड्याचा गुलाबीपणा हाताखाली दिसत होता. बाहेर मुकादम फाटकाशी कुणाशी तरी बोलत उभा होता.

"चालेल की," ती म्हणाली.

तिनंच वाडगा कागदात गुंडाळला. दोन घड्या जास्त घातल्या.

पाचव्या दिवशी शिंपी आला. रांग बाजूला सारत आत आला. सदऱ्याच्या कॉलरला सुया टोचलेल्या तशाच होत्या. त्यानं उशीच्या अभ्र्यातून वाडग्याच्या दोन फाका काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. कुणी सुरीनं फळ कापावं तशा सरळ.

"दूध होतं," तो म्हणाला. "चुलीवरून ओतलं, उचललं, चार पावलं टाकली. दोन्ही मांड्या गेल्या. कातडं कपड्याबरोबर निघालं." एवढं बोलून तो थांबला. "भांडी विकता का हे?"

मुकादम धावत आला. मालकाला बोलावणं गेलं. पडवीतून थोरलीलाही आणलं. तोवर रांगेतल्या बाया आपापल्या हातातली भांडी हळूच फळीवर ठेवून मागं सरल्या होत्या.

मालकानं शिंप्याला बसायला खुर्ची दिली. शिंपी बसला नाही.

"निवडीला कोण होतं?" मालकानं विचारलं.

"ही," मुकादम म्हणाला. "तडकलेल्या नगाला फुली मारायची, हे हिचं काम. यावर फुली आहे का बघा. नाही. फुली नसलेला माल दुकानात येणारच."

थोरलीनं दोन्ही फाका उचलल्या. एकमेकींना जुळवून पाहिल्या. मग उलट्या केल्या आणि कड्यावरून अंगठा फिरवला. फिकट गुलाबी रेघ, एका फाकेवर अर्धी आणि दुसऱ्या फाकेवर अर्धी. अंगठा तिथं थांबला. धाकटीनं ते पाहिलं. आता बोलायचं, असं ती मनात म्हणत होती. आता. आणि तिला दारात बसलेला नवरा दिसत होता, मांडीवर उशी घेतलेला.

थोरलीनं सुनेकडे पाहिलं. फार वेळ नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

"राहिलं माझ्या हातून," ती म्हणाली. "मला आता नीट ऐकू येत नाही. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. पोट कुणाला चुकलंय?"

मुकादमाचा श्वास सुटलेला धाकटीला ऐकू आला.

"ऐकू येत नाही आणि ऐकायच्या कामाला बसतेस?" शिंपी ओरडला. त्यानं हात उगारला, पण उगारलेला हात कुठं न्यायचा ते त्याला कळलं नाही. तो त्यानं स्वतःच्याच कपाळावर मारला. "घरात दुसरं बाईमाणूस नाही. तिला उठवायचं कुणी? धुवायचं कुणी?"

"मी येते," थोरली म्हणाली.

मालक म्हणाला दवाखान्याचं मी बघतो. थोरलीला म्हणाला उद्यापासून येऊ नकोस. दोन्ही गोष्टी त्यानं एकाच आवाजात सांगितल्या.

*

घरी नवऱ्याला आधीच कळलं होतं. थोरली दारातून आत येते न येते तोच तो म्हणाला, "ऐकू येत नव्हतं तर घरी बोलायचं होतं. चारचौघांत शोभा केलीस. आता लोक म्हणतील बहिऱ्या बाईनं माणूस भाजलं."

"म्हणू देत."

"तुला काहीच कसं वाटत नाही गं आई?"

थोरलीनं हंड्यातून पाणी घेतलं, चूळ भरली. "खोकू नकोस उगाच. धाकटीचं नाव आहे अजून वहीत. खोली कुठं जात नाही."

धाकटी पाठमोरी पीठ मळत होती. पीठ केव्हाच मळून झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून थोरली उजाडताच शिंप्याकडे जाऊ लागली. शिंपिणीला कुशीवर वळवायचं, खालची चादर काढायची, पट्ट्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, वाळत घालायच्या, स्वयंपाक करायचा, अंगण झाडायचं. शिंपी तिच्याशी बोलायचा नाही. काही सांगायचं असलं की भिंतीकडे बघून सांगायचा. कपडे शिवायला आलेली माणसं आतल्या दाराकडे बघून विचारायची, "हीच का ती?" आणि तो मान हलवायचा. कुणी मुद्दाम तिच्या कानाजवळ जाऊन मोठ्यानं बोलायचं. "आजी! ऐकू येतं का?" ती बहिऱ्यासारखी दोनदा "काय?" विचारायची. एकदा घेतलेलं सोंग तिला निभवावं लागत होतं. संध्याकाळी घरी यायची ती मलमाचा आणि शिजलेल्या मांसासारखा वास घेऊन. धाकटी तिच्यापुढं पाण्याची बादली ठेवायची, पाठ चोळायला हात पुढं करायची. "राहू दे," थोरली म्हणायची. रागानं नाही. नुसतं, राहू दे.

दुकानात आता ठोकून बघायचं कामही धाकटीवर आलं. तिनं वाडगा तळव्यावर उपडा धरावा, पेरानं वाजवावा, आणि आवाज यावा तसा यावा. तिला सगळे सारखेच वाजायचे. एक दिवस तिनं एक वाडगा पिशवीत घालून घरी आणला आणि थोरलीपुढं धरला.

"आई, हा बघा ना कसा वाजतो. मला कळत नाही."

थोरलीनं वाडग्याला हात लावला नाही. "मला काय विचारतेस? मला ऐकू येत नाही. भर कारखान्यात सांगितलंय मी."

त्या दिवसापर्यंत धाकटीला आशा होती की सासूला कळलेलं नसावं.

भाजल्याची बातमी पंधरा दिवस सगळ्यांच्या तोंडी राहिली. मग कुणाच्या तरी घरी चोरी झाली आणि लोक तिकडे वळले. रांग पुन्हा लागू लागली. मुकादमानं मधल्या काळात पुसलेले वाडगे फळीखाली ठेवले होते. एका सकाळी तो म्हणाला, "काढ ते आता वर. आणि मागं अजून पडलेत. डबा आणि चिंधी दुपारी पाठवतो."

जेवणाच्या सुट्टीत दुकानाला कडी घालून धाकटी बसस्टँडच्या रस्त्याला लागली.

शिंपी गिऱ्हाइकाचं माप घेत होता. ती त्याच्यासमोरूनच आत गेली. शिंपीण खाटेवर पडली होती, मांड्यांवर वेताच्या टोपलीची कमान करून त्यावर चादर टाकलेली, कपडा अंगाला टेकू नये म्हणून. चेहरा निम्मा झाला होता. मागच्या अंगणात थोरली पट्ट्या पिळत असल्याचा आवाज येत होता.

धाकटी खाटेच्या पायाशी उभी राहिली आणि एका दमात बोलली. "त्या वाडग्याला फुली होती. मी पुसली. आईंची काही चूक नाही. त्यांचे कान चांगले आहेत."

शिंपीण तिच्याकडे बघत राहिली. "बस," म्हणाली.

धाकटी बसली नाही.

"मी तुला विचारलं होतं, गरम चालेल ना. तू चालेल की म्हणालीस. ते मी विसरले असं वाटलं तुला? इथं पडल्या पडल्या मला दुसरं काम काय आहे? तेच ऐकतेय रोज." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तू ते म्हणताना माझ्याकडे नाही, बाहेर बघत होतीस. दुसऱ्याच दिवशी माझ्या ध्यानात आलं."

"मग तुम्ही घरात का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुझं काम गेलं असतं, तुझी सासू सुटली असती. मग ती इथं कशाला आली असती?" शिंपीण हळू आवाजात बोलत होती, दाराकडे नजर ठेवून. "माझ्या नवऱ्याला मला वळवता येत नाही. बघवत नाही त्याला. तुझी सासू बघते. एका पट्टीला ती अर्धा तास घेते, पाणी सोडत, फुंकर घालत. माझी आई असती तरी एवढं केलं नसतं. डॉक्टर म्हणतात अजून दोन महिने. आता तुला खरं बोलायची हुक्की आलीय. तुझं मन हलकं होईल. माझ्या पट्ट्या कोण बदलणार?"

धाकटी एक पाऊल मागं सरली.

"जा," शिंपीण म्हणाली. "तोंड मिटून जा. आली तशी."

मागच्या दारात थोरली उभी होती. हातात पिळलेल्या पट्ट्या, कोपरांवरून पाणी गळत होतं. तिनं किती ऐकलं, कळायला मार्ग नव्हता. "दुकान उघडं टाकून आलीस?" एवढंच ती म्हणाली.

*

धाकटी परत आली तेव्हा फाटकापाशी रांग होती आणि टेबलावर रॉकेलचा डबा. तिनं डबा उचलून टेबलाखाली ठेवला. पडवीतून धाडलेले वाडगे तसेच, लाल फुली वर करून, एका फळीवर मांडले, शेजारी आधी पुसलेले. पहिल्या बाईनं विचारलं, "या फुल्या कशाला?"

"ते आतून तडकलेले आहेत. गरम ओतलं तर फुटतील. त्यांच्याशेजारचे गुलाबी कड्याचे आहेत ना, तेही तसलेच, मी पुसलेत. दाणे ठेवायला, सुया-बटणं ठेवायला न्या. जेवायला नेऊ नका."

"म्हणजे शिंपिणीचा तो..."

"तोही मीच पुसला होता."

वाऱ्यानं पाटी आपटत होती. एक बाई पुढं आली, तिनं धाकटीच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि थुंकली. तोंडावर नाही, पायाशी. मग ती गेली. तिच्यामागं बाकीच्या गेल्या. कुणी फुली नसलेलंही काही घेतलं नाही.

मुकादम आला तेव्हा दुकान रिकामं होतं. काय झालं ते त्याला रस्त्यातच समजलं होतं. तो ओरडला नाही. त्यानं मालकाच्या कानावर घातलं की बाईनं स्वतः कबूल केलं, चोरून फुल्या पुसायची, विक्री दाखवायला. धाकटीनं मालकाला सांगितलं पुसायला कुणी सांगितलं होतं. मालकानं मुकादमाकडे पाहिलं, मुकादमानं नाही म्हणून मान हलवली. मुकादम बारा वर्षांपासून कामावर होता आणि भट्टी त्याच्याशिवाय चालत नव्हती. "मला काही ऐकायचं नाही," मालक म्हणाला. "फुली मारलेला, पुसलेला सगळा माल आजच फोडा, माझ्यासमोर. आणि खोली आठ दिवसांत रिकामी करा." तो खरंच पडवीत जाऊन उभा राहिला, शेवटचा वाडगा फुटेपर्यंत. दुकान पुढं चाललं, आणि ते बरंच झालं. त्यानंतर तिथला माल घेऊन कुणी भाजलं नाही.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी आईला काय काय बोललो." आणि बायकोकडे न बघता, "तू ऐकत होतीस."

"हो."

"पीठ मळत होतीस."

त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला. ते पुढं कधी बदललंच नाही.

थोरली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भडकली. "कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण? माझी अब्रू गेली होती, ती गेली होती. म्हातारीची अब्रू काय, वाळलं पान. त्यात खोली राहिली होती. आता ह्याला घेऊन कुठल्या झाडाखाली बसू?" ती बोलत होती आणि भांडी पोत्यात भरत होती. भरता भरता थांबली. "आणि उशिरा बोललीस. बोलायचंच होतं तर त्या दिवशी बोलायचं होतं, मी फाका हातात घेतल्या तेव्हा. मी वाट बघितली होती."

सातव्या दिवशी शिंप्याकडून निरोप आला. दुकानामागं चिंध्यांची पडवी आहे, पत्रा आहे वर. राहा म्हणावं. शिंपी स्वतः नाखूश होता. "खोकणारा माणूस, माझ्या कापडांजवळ," तो गिऱ्हाइकासमोरच म्हणाला. पण बायकोनं त्याला ऐकवलं होतं आणि अलीकडे तो तिला नाही म्हणत नसे. हातगाडीवर पोती चढवली, वर नवऱ्याला उशीसकट बसवलं. धाकटी ओढत होती, थोरली मागून ढकलत होती. नळावरच्या बायांनी बादल्या बाजूला घेतल्या, वाट दिली. गाडी वळणावर पोचण्याआधी खोलीच्या दारात दुसऱ्याची खाट आली होती.

पडवीत सामान टाकून होईपर्यंत उन्हं उतरली. पट्टी बदलायची वेळ झाली होती. थोरली सवयीनं हात धुऊन, उकळलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन आत निघाली. शिंपिणीनं खाटेवरून हाक मारली.

"तुम्ही बसा मावशी. तिला पाठवा."

"तिला जमायचं नाही," थोरली म्हणाली. "हात जड आहे तिचा."

"जमेल. तुम्ही सांगा, ती करेल."

धाकटी आत आली. शिंपिणीनं स्वतःच चादर बाजूला केली आणि टोपली उचलून खाली ठेवली. थोरली दाराशी पाटावर बसली, भिंतीला पाठ लावून, आणि गुडघे लांब केले. बऱ्याच दिवसांनी ती अशी बसली होती. "आधी पाणी सोड," ती म्हणाली. "ओढू नकोस. चिकटलेलं आपोआप सुटतं. धीर धर."

धाकटीनं कोमट पाण्याची धार सोडली. पट्टीचा पिवळटपणा पातळ होऊन खाली ओघळला. एक पदर सुटला, दुसरा सुटला. शिंपिणीनं दोन्ही हातांनी खाटेची चौकट धरली होती आणि दात आवळले होते. तिसऱ्या पदराला धाकटीची मान आपोआप वळली.

"बाहेर बघू नकोस," शिंपीण म्हणाली. "इकडं बघ."

धाकटीनं पाहिलं. गुडघ्यापासून वर वीतभर, ओलं, लाल, मधे मधे पांढरं. कातडीची कड चुरगळून वर आलेली. ती श्वासाबरोबर हलत होती.

"दिसतंय?"

"दिसतंय."

"मग धू."

तिनं कापूस पाण्यात बुडवला, पिळला आणि वाकली. शिंपीण ओरडली तेव्हा तिचा हात मागं आला. "थांबू नकोस," दाराशी बसलेली थोरली म्हणाली. "थांबलीस की जास्त दुखतं." धाकटीनं हात पुन्हा खाली नेला.